आडमुलखाच्या पश्चिमेला

दादांचं आयुष्य नळात गेलं, असं त्यांची बायको म्हणायची, आणि त्यात खोटं काही नव्हतं. शहराच्या पाणीखात्यात ते अडतीस वर्षं नकाशे काढत होते. कुठल्या रस्त्याखालून किती जाडीचा नळ गेला, कुठे वळला, झडप कुठे बसवली, हे सगळं ट्रेसिंगच्या कागदावर काळ्या शाईनं उतरवायचं. खणणारे खणून मोकळे होत, साहेब सह्या करून मोकळे होत, आणि शहराच्या पोटात नेमकं काय दडलंय हे शेवटी दादांच्या टेबलावर कळायचं. अक्षर छापल्यासारखं. पेन्सिलीला टोक असं की ऑफिसात त्यांना मागून ‘टोकदार’ म्हणत. समोर मात्र सगळे दादाच म्हणत, वयानं मोठे असलेलेसुद्धा. हा माणूस जिथे जाईल तिथे थोरल्या भावासारखाच वागायचा, त्याला कोण काय करणार!

आणि थोरले भाऊ ते होतेच. बहीण पाच वर्षांनी धाकटी. तिला घरात बेबी म्हणायचे. पुढे ती सत्तावन्न वर्षांची झाली, केस पांढरे झाले, गुडघे कुरकुरायला लागले, दवाखान्यातल्या चादरींच्या कोठाराची मुख्य झाली, हाताखालच्या बायका तिला चळाचळा कापायला लागल्या, तरी घरात बेबी ती बेबीच राहिली.

या दोघांच्या मालकीचा एक मुलूख होता. त्याचं नाव आडमुलूख. तो कुठेच नव्हता.

झालं असं की दादा तेरा वर्षांचे आणि बेबी आठची असताना दोघांना एकदम कांजिण्या आल्या, आणि आईनं त्यांना तीन आठवडे मागच्या खोलीत ठेवलं. करायला काही नाही, खाजवायचं तर नाहीच नाही. दादांनी वहीचं मधलं पान काढून त्यावर एक किनारा काढला, दोन खाड्या, एक डोंगर. बेबी बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, “इथे कोण राहतं?” दादांना काही सुचेना. त्यांना जमीन दिसायची, माणसं दिसायची नाहीत. बेबीला मात्र एका दमात चौदा माणसं दिसली, त्यातल्या दोघांचं भांडणसुद्धा. वाटणी तिथल्या तिथे झाली. बेबीनं माणसं पाठवायची, त्यांनी जाऊन बघायचं, परत येऊन सांगायचं, आणि मग दादांनी काढायचं. जिथे कुणी गेलं नाही ते कागदावर येणार नाही.

बाकीचे नियम भांडणातून आले. एकदा दादांनी एक घोडेस्वार पूर्वेच्या किनाऱ्यावरून थेट डोंगरापर्यंत एका दमात पळवला. बेबी भडकली. “घोडा मेला असेल त्याचा!” ती म्हणाली. घोड्यासाठी तिनं एक वेळ जेवण सोडलं. तेव्हापासून ठरलं की तिथला एक दिवस म्हणजे आपलाही एक दिवस. अकरा दिवसांची वाट असेल तर अकरा दिवस थांबायचं. आणि बातमी यायची ती माणसाच्या पायानं. गेलेला परत आल्याशिवाय तिकडे काय आहे हे ना दादांना कळणार, ना बेबी तोंड उघडणार. तिला आधीच माहीत असायचं, पण जीव गेला तरी सांगायची नाही. शाळेतून येताना दादा खोदून खोदून विचारायचे आणि ती ओठ घट्ट मिटून चालायची.

एक नियम दादांचा होता. शाई लागली की संपलं. आडमुलखात लहरी नावाची नदी होती, सकाळी समुद्राकडे जायची आणि दुपारनंतर आल्या वाटेनं डोंगरात परतायची. ती काढताना दादांनी बेबीच्या लाडक्या गावातून काढली आणि निम्मं गाव पलीकडे गेलं. बेबी म्हणाली, हलव. दादा म्हणाले, शाई लागली. ती दोन दिवस रडली, आईनंही सांगून पाहिलं, पण नदी हलली नाही. शेवटी पलीकडच्या लोकांनी वेगळं गाव केलं आणि त्याला रुसवाडी नाव दिलं. ती रुसवाडी अजून नकाशावर आहे.

लहानपणीचे खेळ सुटतात तसा हा सुटायला हवा होता, पण सुटला नाही. दादा नोकरीला लागले, चांगला कागद आणि शाई हाताशी आली. लग्नं झाली. दर रविवारी दुपारी बेबी यायची, वहिनी चहा टाकायची आणि म्हणायची, “झालं का तुमच्या देशाचं अधिवेशन सुरू?” आणि दोघं टेबलाला चिकटायची. एका पानाचे अकरा मोठे ताव झाले. दिवे घेऊन उडणारे पक्षी, उभ्यानं झोपणारे लोक, हाकेला ओ देणाऱ्या विहिरी, सगळं बेबीच्या माणसांनी पायी जाऊन शोधलेलं आणि दादांनी काढलेलं. फक्त पश्चिम राहिली होती. डाव्या बाजूचे तीन ताव अगदी कोरे. त्यांच्या कडेला दादांनी तुटक रेघ मारून लिहिलं होतं, ‘माहिती नाही’. ही खात्यातली शिस्त होती. जिथलं ठाऊक नाही तिथे अंदाजानं रेघ मारली की उद्या कुणीतरी त्या भरवशावर कुदळ मारतो आणि अख्ख्या पेठेचं पाणी जातं. दादांनी अडतीस वर्षांत एकदाही अंदाजानं रेघ मारली नाही.

दादांच्या निवृत्तीला वर्ष राहिलं असताना बेबीनं पश्चिमेला माणसं पाठवली. विहिरी खणणारा एक, सुईण एक, कुलपं बनवणारा एक, दोघी जुळ्या बहिणी, अनोळखी लोकांशी बोलायला एक थापाड्या, आणि शेळी. शेळीसकट सात, असं बेबीनं बजावून सांगितलं.

“परत कधी?” दादांनी विचारलं.

“लांब आहे. मला पण नाही माहीत.”

पहिले काही महिने दादा दर रविवारी विचारायचे, काय गं, काही बातमी? बेबी म्हणायची, अजून कुणी आलं नाही. मग मेहुण्यांना अर्धांगाचा झटका आला, त्यांचा उजवा हात गेला, बेबीचे रविवार बंद झाले. दादाच तिच्याकडे जायचे, मेहुण्यांजवळ बसायचे, औषधांची चौकशी करायचे. आडमुलखाचं नाव काढायला त्यांना संकोच वाटायचा. तिचं काय चाललंय आणि आपण काय विचारतोय! वर्ष गेलं, दोन गेली. बेबी त्याबद्दल चकार शब्द काढत नव्हती. दादांनी मनाशी ठरवून टाकलं की तिचा खेळ संपला. त्यांना तिची कीव आली, आणि स्वतःचीही थोडी आली. पण विचारलं नाही. एवढंसं विचारायला तोंड दुखलं नसतं.

निवृत्त झाल्यावर दादा घरात मावेनात. वहिनीनं त्यांना तिसऱ्यांदा कपाट लावताना पकडलं आणि बाहेर पिटाळलं. ते छापखान्यात जाऊन बसायला लागले. खात्याचे नकाशे तिथेच छापले जायचे, त्यामुळे छापखानेवाला जुना स्नेही. एकदा गप्पांच्या भरात दादांनी त्याला घरी नेऊन अकरा ताव दाखवले. तो खुर्चीवर चढून वरून बघायला लागला.

“दादा, हे मी छापतो,” तो म्हणाला. “लोक भिंतीला लावतील. पण डावीकडे हे पांढरं काय?”

“तिकडचं माहीत नाही अजून.”

“कुणाला माहीत नाही? काढणारे तुम्हीच ना?” तो मनापासून हसला. “गिऱ्हाईक म्हणेल शाई संपली. भरून टाका की! दोन आठवडे देतो.”

दादा त्या दिवशी घरी आले ते वेगळेच माणूस होऊन आले. अडतीस वर्षं त्यांनी काढलेलं सगळं जमिनीखाली पुरलेलं होतं, कुणी कधी हौसेनं पाहिलं नव्हतं. आता लोक भिंतीला लावणार होते! त्यांनी तुटक रेघ खरवडली, ‘माहिती नाही’ खरवडलं, आणि भरायला बसले. आधी कडेनं थोडी जंगलं काढली, एक पठार काढलं. मग हात थांबला. आयुष्यभर पाणी नळातून नेलं, एकदा तरी मोकळं काढावं असं त्यांना फार वाटलं. त्यांनी समुद्र काढला. तीन तावांवर पसरलेला, किनाऱ्यापासून पार कडेपर्यंत केसाएवढ्या बारीक पाण्याच्या रेघा, एकीला दुसरी न लागणाऱ्या, मधे मधे जहाजं. त्या चौदा दिवसांत त्यांना जेवणाची शुद्ध नव्हती. वहिनीनं एकदाच विचारलं, “बेबीला दाखवलंत का?” दादा म्हणाले, “छापून आल्यावरच दाखवू. खूश होईल.” खालच्या कोपऱ्यात त्यांनी दोघांची नावं घातली, तिचं आधी. आपण किती मोठ्या मनाचे आहोत असं त्यांना वाटलं, आणि ते मला सांगायलाच हवं, कारण पुढे त्यांना सगळ्यात जास्त लाज त्याचीच वाटली.

पहिली प्रत गुंडाळून ते बेबीच्या घरी गेले. मेहुणे खिडकीशी खुर्चीत बसले होते. बेबीनं टेबलावरचे कपडे बाजूला केले, नकाशा पसरला, चार कोपऱ्यांवर कप, चष्म्याची डबी, औषधाची बाटली आणि बिस्किटांचा डबा ठेवला. मग चष्मा लावला. उजवीकडून बघत बघत ती हसत होती. रुसवाडीवर तिनं बोट टेकवलं. मग डावीकडे आली आणि तिचं बोट थांबलं.

“दादा, हे काय आहे?”

“समुद्र.”

“कधी आला?”

“गेल्या महिन्यात काढला. का गं? छान नाही झाला?”

बेबी उठली. फ्रिजवरून एक जाडजूड जुनी वही आणली. तिच्या कडा चहानं डागाळल्या होत्या. पान उघडून तिनं मोजपट्टी घेतली, नकाशावर डाव्या तावाच्या मधोमध एक जागा मोजली आणि पेन्सिलीनं बारीक टिंब दिलं. टिंबाच्या चारी बाजूंना पाण्याच्या रेघा होत्या.

“माझी माणसं इथे आहेत,” ती म्हणाली.

दादांना आधी कळलंच नाही. मग त्यांनी टिंबाभोवतीच्या पाण्याकडे पुन्हा एकदा पाहिलं.

“तू अजून चालवतेस?”

“रोज. सकाळी चहाला आधण ठेवलं की एक दिवसाची वाट. हे आजारी पडले त्या दिवशीसुद्धा. दोन वर्षं चालली बिचारी. शोधत शोधत जायचं होतं ना. मग जागा मिळाली, तिथेच राहिली, आणि सुईणीला बातमी घेऊन परत पाठवलं. बाळंतपणं करणाऱ्या बाईला वाटेत कुणी अडवत नाही. साडेबारा महिने झाले ती निघालीय. दीड महिना राहिला होता रे फक्त.”

“मग मला सांगायचं नाहीस?”

“कसं सांगणार? कुणी आलं होतं का बातमी घेऊन?”

दादांनी कपाळावर हात मारला. “मला वाटलं तू सोडून दिलंस.”

“तू विचारायचं होतंस.”

“विचारलं असतं तर सांगितलं असतंस?”

“नाही,” बेबी म्हणाली. “अजून कुणी आलं नाही, एवढंच म्हटलं असतं. पण तेवढ्यावरून तुला कळलं असतं, वाट बघायचीय म्हणून.”

मेहुणे खिडकीतून वळून बघत होते. त्यांना बोलायला त्रास व्हायचा, पण त्यांनी डावा हात उचलला आणि विचारलं, “शेळी?” त्यांना रोज सकाळी चहाबरोबर सगळी हकिगत ऐकवली जात होती. नियम फक्त दादांना न सांगण्याचा होता. बेबीनं नवऱ्याकडे पाहिलं आणि नकारार्थी मान हलवली. मग तिनं कप उचलला, डबी उचलली, आणि नकाशा आपोआप गुंडाळला गेला.

घरी आल्याबरोबर दादांनी मूळ ताव काढले आणि ब्लेड घेतलं. ट्रेसिंगच्या कागदावरची शाई खरवडता येते, हलक्या हातानं, एकाच दिशेनं. या कामात त्यांचा हात धरणारं खात्यात कुणी नव्हतं. पण हजारो रेघा होत्या. चार दिवस ते खरवडत होते. कागद दुधाळ झाला, दोन ठिकाणी फाटला. वहिनी दारात उभी राहून म्हणाली, “अहो, तिला फोन करा. कागदाला कशाला छळताय?” पाचव्या दिवशी ते खरवडलेले ताव घेऊन बेबीकडे गेले.

“पुसला,” ते म्हणाले. “बघ, नाहीये आता.”

बेबीनं फाटलेल्या जागेवरून बोट फिरवलं. “शाई लागली की संपलं. हे कुणी ठरवलं होतं?”

“तेरा वर्षांचा होतो गं मी!”

“आणि मी आठची. तू नदी हलवली नव्हतीस.” ती चिडली नव्हती. चिडली असती तर दादांना बरं वाटलं असतं. “आणि इथे पुसून काय होणार? किती भिंतींवर आहे तो समुद्र आता. परवा आमच्या दवाखान्यात लहान मुलांच्या वॉर्डात लावलाय. एक पोरगी त्यातली जहाजं मोजत होती. तिला काय सांगू, नाहीये म्हणून?”

छापखानेवाला मात्र खुशीत होता. समुद्र लोकांना फार आवडला, दुसऱ्यांदा छापायला घेतलाय, असं त्यानं दादांना रस्त्यात थांबवून सांगितलं. दादांनी मान डोलावली आणि पुढे गेले. त्यानंतर ते छापखान्यात जाऊन बसले नाहीत.

दीड महिना त्यांनी दिवस मोजून काढला. बेबीशी बोलणं होतं, म्हणजे मेहुण्यांची तब्येत, गॅस आला का, पाणी कधी येतं. पाणी कधी येतं हे दादांनाच विचारायची पद्धत होती, ते उत्तरही द्यायचे. पण मधे काहीतरी बसलं होतं आणि दोघं त्याला वळसा घालून बोलत होती. एक गोष्ट दादा स्वतःशी पुन्हा पुन्हा घोकत होते. सुईण तेवढी वाचली. ती निघून आली होती, समुद्राच्या बऱ्याच अलीकडे पोहोचली होती. ती आली की बेबी बोलेल, निदान बातमी तरी सांगेल, मग पुढचं काहीतरी ठरवता येईल. बुडालेल्यांना शोधायला माणसं पाठवता येतील. आडमुलूख असा संपणार नाही.

तो दिवस मंगळवारी आला. दादा सकाळी दाढी करून, धुतलेला सदरा घालून बेबीच्या घरी पोहोचले. तिची दुपारपाळी होती. मेहुण्यांना आंघोळ घालून तिनं खिडकीशी बसवलं होतं आणि पलंगाची चादर बदलत होती. दवाखान्यातल्यासारखे कोपरे दुमडायची तिला सवय होती.

दादा उभेच राहिले. “आली का?”

“आली,” बेबी म्हणाली. “सकाळीच. आधण ठेवलं तेव्हा.”

“बरी आहे?”

“पायांना फोड आलेत.”

“काय म्हणाली?”

बेबीनं चादरीचा शेवटचा कोपरा आत सारला, वही आणली, चौदा महिन्यांपूर्वीची तारीख घातलेलं पान काढलं आणि दादांच्या हातात दिलं. ती वाचून दाखवायला तयार नव्हती. दादांनी उभ्या उभ्याच वाचलं.

‘जमीन मिळाली. पाणी गोड आहे, विहिरीवाल्याला आठ हातांवर लागलं. शेळीला दोन करडं झाली. थापाड्या इथे खरं बोलायला लागलाय, कारण इथलं सगळंच कुणाला खरं वाटणार नाही असं आहे. टेकड्या सकाळी एका जागी असतात, संध्याकाळी सरकून दुसरीकडे जातात, आणि रोज नाही जात. आम्हाला हे कागदावर उतरवता येत नाही. हे एकालाच जमेल. बेबीच्या दादाला पाठवा. सांगा, आजवर तू आमची गावं बाहेरून काढलीस, आता राहायला ये. त्याच्यासाठी खोली बांधली आहे. खिडकी उत्तरेला ठेवली आहे, म्हणजे दिवसभर सारखा उजेड येईल आणि कागदावर हाताची सावली पडणार नाही. कुलूपवाल्यानं कुलूप केलंय, पण लावलेलं नाही.’

दादांनी पान दोनदा वाचलं. एकोणपन्नास वर्षांत त्यांना आडमुलखात कुणी कधी बोलावलं नव्हतं, आणि त्यांनाही कधी वाटलं नव्हतं की आपल्याला तिथे जाता येतं. ते पलंगावर बसले. नीट घातलेल्या चादरीला सुरकुत्या पडल्या आणि बेबीनं त्यांना उठ म्हटलं नाही. बासष्ट वर्षांचा माणूस बहिणीसमोर हमसाहमशी रडला. खिडकीशी बसलेले मेहुणे रस्त्याकडे बघत राहिले.

बऱ्याच वेळानं दादांनी सदऱ्याच्या बाहीनं डोळे पुसले.

“मी जातो,” ते म्हणाले. “आज निघतो. वाट तू सांग. होडी करून जाईन, दोन वर्षं लागू देत, तीन लागू देत.”

बेबी त्यांच्या शेजारी बसली. तिनं वही त्यांच्या हातातून घेतली आणि मिटली.

“कुणाकडे जाणार, दादा?” तिनं विचारलं.

तिनं रागानं विचारलं नव्हतं, टोचून तर नाहीच नाही. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. दादा चादरीवरच्या सुरकुत्या तळहातानं सरळ करत राहिले, आणि दुपार झाली तेव्हा ती कामावर निघून गेली.